गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सायकलनं डोंगर उतरायचाय? साखळी-वाळपई बाजूच्या माउंटन बाईक राईडचा रिव्ह्यू

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. साखळी-वाळपई बाजूची ही अर्ध्या दिवसाची माउंटन बाईक राईड चांगली आहे, पैसे वसूल आहेत, उतरायला शिकवतात ते मनापासून शिकवतात आणि वाट इतकी नीट राखलीय की गोव्यात दुसरीकडे मी अशी बघितली नाही. वाईट काय तर लहान चणीच्या माणसांसाठी सायकली कमी, वर न्यायची गाडी उशिरा येते, आणि गोचिडांबद्दल बुकिंगच्या वेळी एक अक्षर सांगत नाहीत. आता सविस्तर लिहिते, कारण फोनवर विचारलं तर "मजा येते ताई, या तुम्ही" एवढंच सांगतात आणि त्यातून काही कळत नाही.

गोव्यात सायकल भाड्यानं घ्यायची म्हटली की सगळे फेरीबोटीनं दिवाडीला नाहीतर चोडणला जातात. ती राईड छानच आहे, सपाट, सावलीची, मुलाबाळांना घेऊन जाता येतं. पण इथे जन्म काढायचा आणि डोंगर बघायचा तो पावसाळ्यात चोर्ल्याला धबधबे बघायला गेलो की गाडीच्या काचेतून, हे मला कायम खटकायचं. आम्ही डिचोलीचे, सह्याद्री परसात, आणि डोंगरात सायकल चालवायचीय म्हटलं की लोक सांगणार मनालीला जा. त्यामुळे पुतण्यानं ही राईड शोधून काढली तेव्हा मी लगेच हो म्हटलं, आणि तेव्हापासून जमेल तसं जाते, पाऊस नुकता संपलेला असतानाही गेलेय आणि काजूच्या मोसमातही, म्हणून दोन्ही दिवसांतलं सांगू शकते.

माणशी १,८०० रुपये घेतात. त्यात सायकल, हेल्मेट, गुडघ्याचे नी-गार्ड, पिकअपमधून वर सोडणं, सोबत दोन माणसं आणि खाली आल्यावर नाश्ता. स्वतःची सायकल असेल तर पैसे कमी होतात. एका बॅचला सहाच्या वर माणसं घेत नाहीत आणि हे ते खरंच पाळतात, आमच्या वेळी एक मोठा ग्रुप आठ जणांना घेऊन आला होता तर दोघांना दुसऱ्या वेळेला या म्हणून सांगितलं, जास्तीचे पैसे देतो म्हणाले तरी ऐकलं नाही. मला ते आवडलं.

सायकली म्हणाल तर हार्डटेल, म्हणजे शॉकअप फक्त पुढे, मागे नाही. पुढचा शॉकअप १२० मिलिमीटर चालतो, डिस्क ब्रेक तेलावरचे, पुढे एकच चकती आणि मागे मोठी कॅसेट, म्हणजे गियरच्या चकत्यांचा संच, टायर २.४ इंच रुंद आणि ट्यूबलेस. ज्यांनी आजवर साधी गियरची सायकल चालवलीय त्यांना हँडल फारच रुंद वाटेल, पाच मिनिटांत सवय होते. फुल सस्पेन्शन सायकल यांच्याकडे नाही आणि या वाटेला ती लागत पण नाही असं माझं मत आहे, हार्डटेलवर पाय आणि कोपर वापरायला लागतात आणि तेच तर शिकायचं असतं. पण साइज! माझी उंची पाच फूट एक इंच, आणि स्मॉल फ्रेमची सायकल यांच्याकडे एकच. एकदा माझ्याबरोबर बॅचमध्ये आणखी एक बाई होत्या, माझ्याच उंचीच्या, त्यांना मीडियमवर बसवलं. सीट पूर्ण खाली करूनही थांबल्यावर पाय नीट टेकत नव्हते, आणि उतारावर थांबताना पाय टेकत नसले की माणूस घाबरतो, आणि घाबरला की नको तिथे ब्रेक दाबतो. त्या बाई अर्ध्या वाटेवर उतरून चालत आल्या. त्यांना नंतर वाटलं आपल्यालाच जमत नाही, तर तसं नव्हतं, सायकल त्यांच्या मापाची नव्हती. हे मी त्यांना तिथेच सांगितलं आणि राईड चालवणाऱ्यांना पण. गोव्यातल्या किती बायकांची उंची पाच-चारच्या वर असते? दोन-तीन स्मॉल सायकली घ्यायलाच पाहिजेत. नी-गार्डचं पण तसंच, सगळे मोठ्या मापाचे, माझे पोटरीवर घसरत होते, शेवटी मी स्वतःचे घेतले.

आता चांगल्या गोष्टीवर येते, कारण ती खरंच चांगली आहे. वर पोचल्यावर लगेच सायकलवर बसवत नाहीत. आधी तुमचं वजन विचारतात, गेज लावून दोन्ही टायरची हवा बघतात आणि तुमच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करतात. माझं वजन ५२ किलो, मला पुढे २० आणि मागे २२ पीएसआय ठेवली, पुतण्या ८० किलोचा, त्याला २५ आणि २८. आपल्याकडे सायकलच्या दुकानात हवा म्हणजे टायर दगडासारखा कडक होईपर्यंत भरायची पद्धत, डांबरी रस्त्यावर ते चालतं, पण डोंगरात कडक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो आणि पकडच घेत नाही. हवा कमी असली की टायर दगडावर पसरतो, त्याला धरून चालतो. फारच कमी केली तर रिम दगडावर आपटते किंवा वळणावर टायर रिमवरून सुटून हवा फुस्स जाते, म्हणून अंदाजानं नाही, गेजनंच बघायची. मग ब्रेकचे लिव्हर. माझ्या बोटांप्रमाणे लिव्हर आत घेऊन दिले, आणि सांगितलं की एकच बोट ब्रेकवर, बाकी सगळी हँडल धरायला. हे एवढंसं काम पण त्यानं हात दुखायचे थांबले.

शॉकअपची हवा पण बघतात. सायकलवर उभं राहिलं की तो आपल्या वजनानं थोडा बसला पाहिजे, साधारण पाचवा हिस्सा, तर खड्ड्यात चाक गेल्यावर तो उघडून चाक जमिनीला चिकटून ठेवतो. शॉकअपच्या दांड्यावर रबरी रिंग असते ती किती सरकली ते बघून हवा ठरवली. आणि दांडे पुसून घेतले, प्रत्येक राईडच्या आधी आणि नंतर, कारण आपली तांबडी धूळ सीलमधून आत गेली की दांड्यावर बारीक ओरखडे पडतात आणि शॉकअप मरतो. कित्येक शॉकअपच्या माहितीपत्रकात खालचे पाय (दांडे ज्यांत सरकतात त्या नळ्या) ५० तास चालवल्यावर उघडून साफ करा, तेल बदला असं दिलेलं असतं. आमच्याकडे ज्यांनी चाळीस-पन्नास हजारांच्या सायकली घेतल्यात त्यांतल्या कितीजणांनी ते केलंय मला माहीत आहे, म्हणून यांच्या वहीत प्रत्येक सायकलचे तास लिहिलेले बघून मला फार बरं वाटलं. तरी एकदा मला दिलेल्या सायकलच्या मागच्या ब्रेकचे पॅड जवळजवळ संपलेले होते, पुतण्यानं वाकून बघितलं म्हणून कळलं. दाखवल्यावर त्यांनी वाद घातला नाही, तिथेच नवीन घातले. पण दुसऱ्याच्या जिवाचं काम आहे, ते पाहुण्यानं बघायची वेळ यायला नको.

उतार चालत दाखवतात. ही या लोकांची सगळ्यात मोठी गोष्ट. सगळी वाट नाही, ती तीनेक किलोमीटरची आहे, पण अवघड तुकडे तीन आहेत ते तिन्ही आधी चालत जाऊन बघायचे, सायकल बाजूला उभी करून. पहिल्यांदा मला वाटलं वेळ काढतायत. मग त्या चिऱ्याच्या पायरीपाशी गेलो. कातळ तिथे एकदम तुटलाय, दीडेक वीत खाली वाट पुढे जाते आणि लगेच डावीकडे वळते. वरून बघितलं तर ती पायरी कंबरेएवढी वाटते. सोबतच्या दोघांतल्या एका दादानं माझी सायकल आणली, हातानं धरून पुढचं चाक सावकाश पायरीवरून खाली सोडलं, मला वाकून बघायला लावलं की पुढची चकती दगडाला लागते का. लागत नाही, चार बोटं मोकळी राहतात. मग मागचं चाक सोडलं. मग मला करायला सांगितलं, हातानंच, दोन-तीनदा, वर-खाली. तेवढ्यानं पायरीची भीती गेली, कारण चाक कुठे टेकतं ते आता हातांना माहीत होतं. नंतर तो खालच्या अंगाला उभा राहिला आणि म्हणाला, "पायरीकडे बघू नका ताई, त्या पणसाकडे बघा. सवकास या, पण थांबू नका." वजन मागे, टाचा खाली, कोपरं बाहेर, ब्रेक पायरीच्या आधी मारून घ्यायचा आणि पायरीवर सोडून द्यायचा. आणि आले की खाली. पुतण्या माझ्याआधी जोरात आला होता, त्याला परत वर पाठवला, म्हणाला तू वाचलास कारण नशीब चांगलं होतं, आता बरोबर करून ये. तरुण पोरांना असं तोंडावर सांगणारे फार कमी.

ब्रेकबद्दल थोडं जास्त लिहिते कारण आपल्याकडे उतार म्हटलं की सगळे दोन्ही ब्रेक धरून ठेवतात, वरपासून खालपर्यंत. त्यानं दोन गोष्टी होतात, एक म्हणजे हात भरून येतात आणि दुसरं म्हणजे ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. हा प्रॉब्लेम या खेळाइतकाच जुना आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत २१ ऑक्टोबर १९७६ ला रीपॅक नावाच्या उतारावर पहिली शर्यत झाली, तेव्हा त्या पोरांकडे जुन्या जाड टायरच्या सायकली होत्या, उलटं पॅडल मारलं की मागच्या हबमध्ये ब्रेक लागायचा असल्या, आणि खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, मग प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवीन ग्रीस भरायचं. त्याच लोकांतल्या जो ब्रीझनं पुढच्या वर्षी या कामासाठी म्हणून खास फ्रेम बनवली, आणि वीस वर्षांच्या आत, १९९६ ला अटलांटात, हा खेळ ऑलिंपिकला पोचला. आता तेलावरचे डिस्क आले, धूर निघत नाही, पण तत्त्व तेच. सरळ तुकड्यात, जिथे जमीन घट्ट आहे तिथे, थोडा वेळ जोरात ब्रेक मारा आणि मग सोडून द्या. वळणात शिरायच्या आधी वेग कमी झालेला पाहिजे, वळणाच्या आत ब्रेक मारला की टायर घसरतो. सोडलेल्या वेळात ब्रेक थंड होतो आणि हातही सुटतो. हे मला सांगून नाही कळलं, त्या दादानं एकाच तुकड्यावर दोनदा आणलं, एकदा ब्रेक धरून आणि एकदा मारत-सोडत, तेव्हा कळलं.

आपल्या जमिनीवर तर हे जास्तच लागतं. जांभा दगड वरून कडक दिसतो पण त्याच्यावर बारीक गोल तांबडे खडे सुटलेले असतात आणि कोरड्या दिवसांत त्यांच्यावर चाक म्हणजे फरशीवर सांडलेल्या मोहरीवर पाय. तिथे वळायचं नाही, ब्रेक मारायचा नाही, सायकल सरळ सोडायची आणि पुढची घट्ट जागा आली की मग काय ते करायचं. पाऊस संपल्यासंपल्या गेलात तर खडे वाहून गेलेले असतात, माती ओलसर, टायर असा पकडतो की सोडत नाही, त्या दिवसांत उतरायला स्वर्ग आहे, फक्त सावलीतल्या कातळावर शेवाळ असतं, ते काळपट हिरवं दिसतं, ते ओळखायला शिका. ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंतचे दिवस मला सगळ्यात आवडतात. फेब्रुवारीनंतर काजूच्या पानांचा थर पडतो, खालचा दगड दिसत नाही, आणि बोंडू (काजूची फळं) गोळा करणारी माणसं भाटात, म्हणजे बागेत, असतात, ती सकाळी लवकर कामाला येतात. त्या दिवसांत चालवणारे वाट झाडून घेतात आणि कामाची माणसं दिसली की सायकलवरून उतरून चालत जायला लावतात. बरोबरच आहे, ते त्यांचं पोटाचं काम आहे आणि आपण मजेला आलोय. वास मात्र असा भारी असतो त्या दिवसांत सगळ्या डोंगराला, पिकलेल्या बोंडांचा, की घसरायची भीती सोडून तेवढ्यासाठी जावं.

जून ते सप्टेंबर बंद असतं. मी एकदा विचारलं की गणपतीनंतर लगेच का नाही सुरू करत, पाऊस तर कमी झालेला असतो. तर म्हणाले वरच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळाच्या जमिनीवर, तेव्हा फुलं असतात, सीतेची आसवं, गेंद, कवला, आणि जमीन भिजलेली असते, एक चाक गेलं की रुतून चर पडतो आणि पुढच्या पावसात त्याची घळ होते. म्हणून वाटच सड्याच्या कडेनं काढलीय, मधून नाही. हे ऐकून मी त्यांची फॅन झाले. आपल्याकडे सड्याला पडीक जमीन म्हणायची सवय आहे आणि जीप घालून, बाटल्या टाकून त्याची काय दशा करतात ते सगळे बघतात.

वाट राखायचं काम पण बघण्यासारखं आहे. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरीत त्याहून जास्त, आणि पाण्याला डोंगरावर सरळ खाली जाणारी वाट मिळाली की ते तिचा ओढा करून टाकतं. म्हणून चांगली वाट डोंगराच्या अंगानं तिरकी काढतात, शंभर मीटर चाललं तर सरासरी दहा मीटरच्या वर उतरायचं नाही असा जगभरात वाट बांधणाऱ्यांचा हिशोब आहे, आणि मध्ये मध्ये वाट थोडी चढवून परत उतरवायची म्हणजे पाणी त्या खोलगट जागी बाहेरच्या बाजूला निघून जातं. सायकलवर ती जागा छान लाट आल्यासारखी लागते, पोरं तिथे उडी मारतात, पण ती उडीसाठी नाही, पाण्यासाठी आहे. दसऱ्याच्या आधी हे लोक कुदळी-फावडी घेऊन सगळ्या अशा जागा साफ करतात, गावातल्या चार माणसांना रोजावर घेतात. मी दोन वर्षांच्या अंतरानं तोच उतार बघितलाय, चर वाढलेले नाहीत. जो तीव्र तुकडा आहे तो मुद्दाम उघड्या कातळावर ठेवलाय, तिथे माती नाहीच वाहून जायला.

जमीन खासगी भाटकाराची (जमीनमालकाची) आहे, परवानगी घेतलेली आहे. पलीकडे म्हादई अभयारण्य, १९९९ ला जाहीर झालेलं, दोनशे आठ चौरस किलोमीटर, आणि तिकडे हे लोक एक चाकसुद्धा घालत नाहीत. पुतण्यानं विचारलं होतं की आत आणखी वाटा आहेत ना, तर सरळ नाही म्हणाले, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिकडे जायचं नसतं. अभयारण्याच्या बाहेरही गवे येतातच, गवा आपला राज्यप्राणी आहे आणि त्याला अभयारण्याची हद्द माहीत नाही. म्हणून सूर्य वर आल्याशिवाय सुरू करत नाहीत, आंधळ्या वळणावर घंटी वाजवायची, आणि गवा दिसला तर थांबायचं, उतरायचं, सायकल आपल्या पुढ्यात धरून सावकाश मागे जायचं. फोटो काढायचा नाही. मला एकदा लांबून दिसला, काजूच्या पलीकडे, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, आम्ही दहा मिनिटं थांबलो, तो गेला, मग निघालो. दगडावर बसताना पण बघून बसा, कातळाच्या बाजूला फुरसं असतं.

आता गोचीड. हे मी ठळक लिहितेय कारण कुणी लिहीत नाही. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेत. हा रोग पहिल्यांदा १९५७ ला कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, गोचिडांमुळे पसरतो, आणि त्याचे दिवस म्हणजे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचे कोरडे दिवस, म्हणजे नेमके सायकलीचे आणि काजूचे. घाबरून घरी बसायची गरज नाही, तिथली माणसं रोज त्या भाटांत काम करतात, पण पूर्ण पँट घाला, मोजे पँटच्या वर ओढा, वाळक्या पानांवर बसू-लोळू नका, गोचीड दूर ठेवायला अंगाला लावायचं तेल मिळतं ते लावा, घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि अंग नीट बघा. नंतरच्या आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना सांगा की सत्तरीच्या जंगलाच्या बाजूला गेलो होतो. चालवणारे तिथे गेल्यावर तेल देतात, सांगतात पण, पण तोपर्यंत अर्धी माणसं हाफ पँटमध्ये आलेली असतात. हे बुकिंगच्या मेसेजमध्येच यायला पाहिजे, मी त्यांना दोनदा सांगितलंय, अजून येत नाही. माझी ही सगळ्यात मोठी तक्रार.

प्रथमोपचाराची पिशवी दोघांकडेही असते, आणि मागच्या माणसाकडे जास्तीची चेन-लिंक, टायरमध्ये भरायचे प्लग, पंप वगैरे. मोबाईलची रेंज वरच्या भागात जाते, त्यामुळे काही झालं तर एक जण खाली जाऊन १०८ ला फोन करणार असं आधीच ठरवलेलं असतं आणि ते सगळ्यांना सांगतात. वाळपईचं सामुदायिक आरोग्य केंद्र लांब नाही. कोपर खरचटण्यापलीकडे माझ्यासमोर कुणाला काही झालेलं नाही.

गाडीचा उशीर. सकाळी सातची वेळ दिली होती, पिकअप आली आठला, आणि उन्हाळ्यात तो एक तास म्हणजे सगळंच, दहानंतर कातळ तापतो आणि वरचा उघडा भाग नकोसा होतो. दुसऱ्या वेळीही उशीरच. गाडी त्यांची स्वतःची नाही, दुसऱ्याची भाड्याची आहे असं कारण सांगतात, पण पैसे तर आपण यांना देतो ना. सायकली मागे दोरीनं बांधतात, मध्ये जुन्या गाद्या घालून, ते ठीक आहे.

यांच्याकडे दुसरी एक राईड पण आहे, डिचोली तालुक्यातल्या जुन्या खाणींच्या रस्त्यांवरून. ती घेऊ नका असं मी सांगेन. रस्ता रुंद, ट्रकसाठी केलेला, वळणं लांबलचक, शिकायला काही नाही आणि धूळ नाकातोंडात जाते. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद, तेव्हा ते रस्ते मोकळे होते म्हणून पोरं तिकडे जायची. आता काही खाणी पुन्हा सुरू झाल्यात, ट्रक परत फिरायला लागलेत. तिकडे सायकल घालण्यात अर्थ नाही. आणि बरेच जण विचारतात की सरळ चोर्ला घाटच का नाही उतरायचा, रस्ता तर आहे. तो बेळगावचा रस्ता आहे, बसगाड्या, भाजीच्या गाड्या, वळणावर ओव्हरटेक करणारे, आणि अनमोड घाटात तर ट्रकांची रांग. रोडची सवय असलेल्यांनी भल्या पहाटे करावं, पण हा सगळा मातीवरचा खेळ आहे, डांबरावर जाड टायर घेऊन घाट उतरण्यात ती मजा येत नाही.

खाली आल्यावर नाश्ता एका घरी असतो, ओसरीवर. अळसांद्याचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी), पाव, कधी मिरची भजी, आणि कोकमाचं सरबत, नाहीतर चहा. त्या घरच्या मावशी वाढतात, आग्रह करतात, आणि तोणाक खरंच फार चांगलं असतं, भाजलेल्या खोबऱ्याचा वास घरभर. बायकांसाठी कपडे बदलायला त्यांच्या घरातली खोली देतात आणि शौचालय स्वच्छ आहे, हे मुद्दाम लिहिते कारण आम्हाला कुठेही जायचं तर पहिला प्रश्न तोच असतो. वर डोंगरावर अर्थातच काही नाही.

कुणी जावं? ज्यांना सायकल चालवता येते आणि एक-दोन तास अंगमेहनत झेपते त्या कुणीही, वयाचं काही नाही, माझ्या बॅचला साठीचे एक गृहस्थ होते, सगळ्यांत शांतपणे तेच उतरले. मुलं बारा वर्षांच्या पुढची घेतात. ज्यांना फक्त वेग पाहिजे, व्हिडिओ पाहिजे, त्यांना इथे कंटाळा येईल कारण सतत थांबवतात, परत करायला लावतात. पाठ किंवा मनगट दुखरं असेल तर हार्डटेलवर त्रास होईल, नका जाऊ.

बुक करताना उंची आणि वजन दोन्ही कळवा आणि स्मॉल सायकल शिल्लक आहे का ते विचारून मगच तारीख ठरवा. गाडी सात म्हणाले तर साडेसहाला या असं त्यांना सांगा. दोन लिटर पाणी न्या, बूट सपाट तळव्याचे घाला, स्पोर्ट शूजच्या जाड फोमच्या तळव्यात पॅडलचे खिळे नीट धरत नाहीत. आणि पैसे रोख न्या, त्या घरापाशी रेंज येत-जात असते आणि यूपीआय अडकून बसतं.